कालम्हणजेकाय सिस्टर

माझी वहिनी खोटं बोलत नाही. त्यात तत्त्वाचा भाग काही नाही, तिला ते जमतच नाही. थापेचं पहिलं वाक्य तोंडातून निघायच्या आत तिचं नाक लाल होतं. म्हणून दवाखान्यातलं जे काही मी पुढे सांगणार आहे ते तिच्या तोंडचं आणि खरं आहे असं समजा. राग तेवढा माझा आहे. मी कपडे शिवते, घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान आहे. दुसऱ्यांनी बिघडवलेले कपडे दुरुस्त करून करून माझा स्वभाव असा झाला, असं आमची आई म्हणते. स्वभाव आधीपासूनच असा होता, पण आईला कशाला दुखवा.

वहिनी नर्सिंग शिकलेली. शेवटची परीक्षा झाली आणि महिन्याभरात तिचं आमच्या दादाशी लग्न झालं. मग दादाची बदली, मग जुळ्या मुली, आणि बघता बघता सात वर्षं निघून गेली. मुली पाच वर्षांच्या होऊन शाळेत जायला लागल्या, त्याच आठवड्यात तिनं जेवायच्या टेबलावर जाहीर केलं, "मी नोकरीला लागायचं म्हणते. आयसीयूमध्ये. आठवड्यातून तीन दिवस."

दादा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट चालू होते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असतो. तो म्हणाला, "होऊ दे की." आईनं मात्र हातातला चमचा खाली ठेवला.

"नोकरी करायची तर धड नोकरी कर, घर बघायचं तर धड घर बघ. हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या."

"आई, चिंध्यांचं खातं माझ्याकडे आहे," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

खरं सांगायचं तर मीही मनातून आईच्याच बाजूची होते. मी सकाळी आठला मशीनवर बसते ती दिवे लागेपर्यंत उठत नाही. अर्ध्या वेळेचं काम म्हणजे हौस, असं माझं पक्कं मत होतं. आणि हौसच करायची तर आयसीयूत कशाला? खाली इंजेक्शनची खोली असते, टोचलं की पुढचा. मी तिला तसं म्हटलंही. ती भांडी पुसत म्हणाली, "शिकत असताना मला पंधरा दिवस आयसीयूत टाकलं होतं. तिथे एका नर्सला एकच माणूस दिलेला असतो, फार तर दोन. त्याच्याकडे नखापासून केसापर्यंत बघायचं. मला दुसरीकडे कुठे एवढं कुणाकडे बघूच दिलं नाही, ताई. सगळीकडे 'चला, पुढचा.' मला ते काम आवडलं होतं. आणि मुली मोठ्या होताना पण बघायच्यात मला. दोन्ही हवं असेल तर तीन-तीन दिवसच होतात ना?"

यावर मी चिडून आत गेले.

नोकरी देणाऱ्या इन्चार्ज सिस्टरचंही मत माझ्यासारखंच निघालं. या बाई पंचवीस वर्षं त्या विभागात. दादानं त्यांना न बघताच हेडमास्तरीण असं नाव ठेवलं आणि ते आमच्या घरात चिकटलं. त्यांनी वहिनीचा अर्ज वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, पेशंट काही अर्धा वेळ आजारी नसतो."

वहिनी म्हणाली, "नर्स पण कुणीच चोवीस तास नसते, मॅडम. प्रत्येकजणी पेशंट कुणाच्या तरी हातात देऊनच घरी जाते."

हेडमास्तरणीनं अर्ज बाजूला ठेवला. मग त्यांनी अट घातली. तीन महिने. सोमवार, मंगळवार आणि शनिवार, सकाळी सात ते दुपारी दोन. या विभागात आजवर अर्धवेळ नर्स कधी टिकलेली नाही, आणि त्यांना वाटत होतं की टिकणारही नाही. तीन महिन्यांनी त्या ठरवणार: एक तर वहिनी आयसीयूत राहील, नाहीतर खाली इंजेक्शनच्या खोलीत जाईल. तिसरा रस्ता नाही.

त्या दुपारी वहिनी माझ्या दुकानात आली आणि कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. एरवी ती मला ताई म्हणते. काही मागायचं असलं की मी वन्सं होते.

"वन्सं," ती म्हणाली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीनच. मुलींना शाळेत सोडायचं, आणायचं, खायला घालायचं. अडीचपर्यंत मी येतेच."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही, पण म्हटलं. मुली चांगल्या आहेत. मोठी अकरा मिनिटांनी मोठी आहे आणि ते ती कुणाला विसरू देत नाही. धाकटी बोलत कमी आणि पळत जास्त.

कामाच्या दिवशी सकाळी साडेसहाला वहिनी दारात बूट चढवता चढवता मला मुलींचा हँडओव्हर द्यायची. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला पेशंटची सगळी माहिती सांगते, त्याला हँडओव्हर म्हणतात, एवढं मला पहिल्या आठवड्यातच कळलं. "मोठी: नाक वाहतंय, ताप नाही, दूध अर्धा पेला. धाकटी: उजव्या गुडघ्याला खरचटलंय, धुतलंय, पट्टी लावू देत नाही." दुपारी ती आली की मी उलटा हँडओव्हर द्यायची, "दोघी जिवंत आहेत." तिला तो फार अपुरा वाटायचा.

सुरुवातीचे दिवस तिच्या नाकी नऊ आले. सात वर्षांत मशीनं बदलली होती, औषधांची नावं बदलली होती. तिला शिकवायला एक जुन्या सिस्टर दिल्या होत्या. त्या सगळं इतकं चटचट करायच्या आणि "चटचट आवरा" इतक्यांदा म्हणायच्या की आमच्या घरात त्यांचं नाव चटचट पडलं. पहिल्या दिवशी एक मशीन टणटणायला लागलं, तशी वहिनी बटणं शोधत त्याच्यावर झेपावली. चटचटनं तिचा हात धरला. "आधी माणूस बघायचा. मग मशीन. माणूस ठीक असेल तर मशीनला ओरडू दे घटकाभर." पेशंट मजेत होता, बोटाला लावलेली चिमटी तेवढी निघाली होती.

घरी आली तरी ते काम तिच्या अंगातून उतरत नसे. केटलची शिट्टी झाली की ती ताडकन उभी राही. दादाला पलंगावर आडवं करून, जड माणसाला एकटीनं कुशीवर कसं वळवायचं याचा सराव चाले. दादाला हे आवडायचं. एकदा त्याला दुपारी डुलकी लागली असताना तिनं त्याची पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हापासून तो झोपायला माझ्या दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर येऊ लागला. मुली बाहुल्यांना नळ्या लावायच्या. आई म्हणायची, "नव्याचे नऊ दिवस." मी मनात दिवस मोजत होते, पण खरं सांगते, नववा दिवस कधी गेला ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि मग ती चूक झाली. अशी चूक, जी रोज येणाऱ्या नर्सच्या हातून होणारच नाही.

तीन नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते. पांढरी दाढी, तोंडात नळी, शुद्ध अर्धवट. त्यांच्या बायकोकडून वहिनीला कळलं होतं की सरांना गुलाबांचं वेड आहे. म्हणून मंगळवारी तोंड पुसताना, कूस बदलताना ती त्यांच्याशी गुलाबांबद्दल बोलत राहिली. असं बोलायचं असतं, ऐकू जातं म्हणतात. मग तीन दिवस ती घरी. शनिवारी सकाळी रस्त्यात काही अडचण झाली, बस थांबली, आणि तिला पाच मिनिटं उशीर झाला. हँडओव्हर सुरू होऊन गेला होता. ती तडक तीन नंबरला गेली. पांढरी दाढी, तोंडात नळी. "सर, कसं काय? आज गुलाबांना पाणी कोण घालतंय?" असं म्हणत तिनं तोंड पुसायला घेतलं. चांगली दहा मिनिटं गुलाबांवर बोलली. कलमं कधी करावीत, मुंग्या कशा घालवाव्यात. पेशंट डोळे मोठे करून बघत होता. तिला वाटलं, सर आज किती जागे आहेत!

मागून चटचट म्हणाली, "हे सर नाहीत. सर गुरुवारी खालच्या वॉर्डात गेले. हे ट्रकचालक आहेत."

तोंड पुसण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण हेडमास्तरीण तिथेच उभ्या होत्या. त्यांनी वहिनीला खिडकीशी नेलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या डोक्यात मंगळवारचा विभाग होता आणि तुम्ही शनिवारच्या विभागात हात घातलात. आज गुलाब होते. उद्या औषध असेल. मनगटावरची पट्टी वाचल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला माहीत असतं. मी याचीच वाट बघत होते." आणि त्यांनी ते वहीत लिहिलं.

तीन महिन्यांतले पाच आठवडे झाले होते. वहिनी दोन वाजता जिन्यात बसून रडली आणि घरी येऊन परत रडली. आईनं तिला चहा करून दिला. त्यात "मी म्हटलं नव्हतं का" ही साखर घातली नाही, याचं श्रेय आईला द्यायला हवं. मला मात्र राग आला. हेडमास्तरणीचा नाही, वहिनीचाच. "मापं न बघता कात्री चालवलीस," मी म्हटलं. "गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी माप नव्यानं घ्यायचं असतं. माणसं जाड होतात, बारीक होतात. मी माझ्या सख्ख्या भावाचीही मापं दर वेळी घेते."

ती रडायची थांबली. "दर वेळी?"

"दर वेळी. काही आठवत नाही असं समजूनच टेप लावायची."

माझं बोलणं एवढं मनावर घेणारी ती आमच्या घरातली पहिलीच. पुढच्या सोमवारपासून ती विभागाच्या दारात हात धुताना स्वतःला सांगू लागली, "मला काही माहीत नाही." हे वाक्य आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं नसतं.

मनात म्हटलं असतं तर ठीक होतं. पण ती हँडओव्हरलाही तसंच वागू लागली. पाळी संपवून निघालेल्या सिस्टरांना घरी जायची घाई असते. त्या म्हणायच्या, "खाट नंबर एक, सलाईन कालच्यासारखंच, खाणं कालच्यासारखंच, लघवी कालच्यासारखीच." बाकीच्या माना हलवायच्या. वहिनी विचारायची, "काल म्हणजे काय?"

"काल म्हणजे काल!"

"मी काल नव्हते ना, सिस्टर. काल काय होतं?"

मग जाणाऱ्या बाईला पानं उलटून सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. दहा मिनिटांचं काम पंचवीसवर गेलं. लोक वैतागले. तिचं नाव कालम्हणजेकाय सिस्टर पडलं आणि वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तेच वापरू लागले. आमच्याकडून त्यांना नावं, त्यांच्याकडून आम्हाला, असा हिशेब फिटला. हेडमास्तरीण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. वहिनीला वाटायचं, आपली रवानगी इंजेक्शनच्या खोलीत पक्की. तरी ती विचारायची थांबली नाही. चूक परत होण्यापेक्षा हसं झालेलं बरं, असं ती म्हणे.

तीन महिने संपायला तीन दिवस उरले. मंगळवारी निर्णय होता. त्याच्या आधीच्या शनिवारी तिच्या वाट्याला सहा नंबरची खाट आली.

तिथे छापखान्यात चाळीस वर्षं काम केलेले एक काका होते. छातीत कफ साठून श्वास घेता येईना म्हणून मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे वहिनी घरी गेल्यावर, त्यांना आणलं आणि व्हेंटिलेटरवर ठेवलं. छाती सुधारत होती. गुरुवारी गुंगीचं औषध बंद केलं. आता नळी काढायची, तर माणूस जागा हवा आणि सांगितलेलं त्याला कळायला हवं. काका डोळे उघडत, इकडेतिकडे बघत, पण "हात उचला" म्हटलं की नुसते बघत राहत. डॉक्टरांना शंका होती की मेंदूला काही झालंय. दुपारी डोक्याचा फोटो काढायचा, आणि नळी लवकर निघणार नाही असं दिसलं तर सोमवारी गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालायची, असं ठरत होतं.

त्या दिवशी हँडओव्हर देणारी चटचटच होती. ती म्हणाली, "सहा नंबर. डोळे उघडतात, सांगितलेलं करत नाहीत. कालच्यासारखंच."

"काल म्हणजे काय?" वहिनीनं विचारलं. "काल कुणी सांगून बघितलं? कसं सांगितलं?"

चटचटच्या डोळ्यांवर झोप होती. ती म्हणाली, "कालच्या वहीत 'परवासारखंच' लिहिलंय आणि परवाच्या वहीत 'करत नाहीत' लिहिलंय. रोज येत जा म्हणजे कळेल." आणि ती पाळी संपवून निघाली.

वहिनीनं पट्टी वाचली आणि नखापासून बघायला सुरुवात केली. पाय, पोट, पाठ, हात. मग चेहरा, मान. मान पुसताना तिला दोन्ही कानांच्या मागे वरच्या बाजूला घट्टा लागला. काहीतरी वर्षानुवर्षं तिथे अडकवलेलं असावं असा. आधी तिला वाटलं, चष्मा. मग तिनं नाक बघितलं. चष्मा लावणाऱ्याच्या नाकावर दोन्ही बाजूंना खोलगट खुणा असतात. काकांचं नाक गुळगुळीत होतं. कानांमागे खूण आणि नाकावर नाही. असं काय असतं जे कानामागे अडकतं आणि नाकावर टेकत नाही?

हे ती मला सांगत होती तेव्हा मी मशीन थांबवलं होतं. कपड्याच्या आतल्या बाजूचा वळ बघून माणूस कसा बसतो-उठतो हे मी सांगू शकते, पण हे मला सुचलं नसतं. मला तिचा अभिमान वाटला, आणि मी ते तिला सांगितलंही नाही. आता लिहिते आहे.

तिनं एक कोरा कागद घेतला आणि त्यावर बोटभर उंचीच्या अक्षरात लिहिलं, "माझा हात दाबा." तो काकांच्या डोळ्यांसमोर धरला आणि आपला हात त्यांच्या हातात दिला. नळी ओढू नये म्हणून तो हात पट्टीनं सैल बांधलेला होता.

काकांनी हात दाबला. असा दाबला की तिची बोटं चुरली.

तिनं पट्टी सोडली, पेन त्यांच्या बोटांत दिलं, कागदाखाली फळी धरली. अक्षरं लटपटत होती, एक शब्द लिहायला बराच वेळ लागला. काकांनी लिहिलं होतं, "बहिरा आहे. आंधळा नाही. अक्षर लहान काढा."

छापखान्याच्या यंत्रांनी त्यांचे कान केव्हाच नेले होते. दोन्ही कानांत मशीन घातल्याशिवाय त्यांना काही ऐकू येत नसे. मशीन नसलं तर ओठांकडे बघून ते थोडंफार ओळखत. पण आत सगळ्यांच्याच तोंडाला मास्क! दोन दिवस तो माणूस जागा होऊन बघत होता की पांढरे-निळे लोक येतात, वाकतात आणि जातात.

वहिनी धावतच बाहेर गेली. काकू बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांना सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडत. त्या वेळात त्या नवऱ्याचे पाय धरून उभ्या राहत, आणि कुणी काही विचारलंच तर घाबरून "बरं, बरं" म्हणत.

"काकू, काकांच्या कानातली मशीनं कुठे आहेत?"

काकूंनी पर्स उघडली. रुमालात बांधलेली पुरचुंडी काढली. "ही काय. मी जपून ठेवलीत. तिथे पाटी आहे ना?" दारावर खरंच पाटी होती: विजेची कोणतीही उपकरणे आत आणू नयेत. "मी म्हटलं, आत एवढी मोठी मशीनं, आपल्या या बारक्यामुळे काही बिघडलं तर? तुम्ही पण कुणी मागितली नाहीत, म्हणजे लागत नसतील."

कळसा पर्सेत आणि सगळ्या दवाखान्याला वळसा. वहिनीला हसावं की रडावं कळेना, आणि काकूंना रागवायचा तर प्रश्नच नव्हता. पाटीत लिहिलं होतं तसंच त्या वागल्या होत्या.

दहाला डॉक्टर आले तेव्हा काकांच्या दोन्ही कानांत मशीनं होती. डॉक्टर म्हणाले, "हात उचला." काकांनी उचलला. "दोन बोटं दाखवा." दाखवली. "मान उचलून धरा." धरली. डॉक्टरांनी वहिनीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि डोक्याच्या फोटोचा कागद दोनदा घडी करून खिशात घातला. रविवारी दुपारी नळी निघाली. सोमवारी वहिनी गेली तेव्हा काका उशीला टेकून बसले होते, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्या मोठ्या अक्षरवाल्या बाई तुम्हीच का?" चटचट बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली," आणि मग स्वतःच हसत सुटली.

एवढं झाल्यावर मंगळवारची काळजी करायचं कारण नाही, असं आम्हाला घरी वाटत होतं. दादानं तर सांगून टाकलं, "झालं तुझं काम." पण मंगळवारी दोन वाजता हेडमास्तरणीनं तिला खोलीत बोलावलं, समोर बसवलं आणि भलतंच बोलल्या.

"मी तुम्हाला घेते आहे," त्या म्हणाल्या. "पक्की नेमणूक. पण पूर्ण वेळ. अशी नजर आठवड्यातून तीन दिवस वापरून मी काय करू? सहा दिवस या."

नाही म्हणावं तर आयसीयू जातो, हो म्हणावं तर मुली. ज्या कामामुळे पास झाले त्यानंच मला नापास केलं, असं तिच्या मनात आलं.

"मॅडम, मी शुक्रवारी इथे असते तर शनिवारी विचारलंच नसतं," ती म्हणाली. "काकांना मी गुरुवारी बघितलं असतं, शुक्रवारी बघितलं असतं, आणि शनिवारी मीसुद्धा म्हणाले असते, कालच्यासारखंच. चटचट सिस्टरांना माझ्यापेक्षा दहापट जास्त येतं. त्यांना दिसलं नाही, कारण त्या रोज इथे होत्या." घाबरून तिच्या तोंडून चटचट हे आमच्या घरातलं नाव निघून गेलं, पण हेडमास्तरणीला ते कुणाचं आहे हे विचारावं लागलं नाही.

"म्हणजे तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही हव्यात?"

"मी मधले तीन दिवस नसते म्हणून, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नेमणुकीचा कागद ओढला, छापलेल्या 'पूर्णवेळ'वर रेघ मारली, वर हातानं 'अर्धवेळ' लिहिलं आणि सही केली. "मंगळवार ते शनिवार ही मधली फट आहे तशीच ठेवायची," त्या म्हणाल्या. "कुणी सुट्टीवर गेलं म्हणून शुक्रवारी बोलावलं तरी यायचं नाही. मी बोलावलं तरी नाही. आणि तुमच्यासारखी अजून एखादी ओळखीत असेल तर पाठवा." दारावरची पाटी त्यांनी त्याच दिवशी बदलून घेतली. चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन आत द्यायलाच हवं, असं आता तिथे लिहिलं आहे.

घरी आल्यावर तिनं कागद आईच्या हातात दिला. आईनं तो दोनदा वाचला, रेघ मारलेला शब्द बोटानं चाचपून बघितला आणि कडाडली, "अगं, पूर्ण वेळ देत होत्या ना! मग घेतली का नाहीस? एवढी मोठी जागा!" दादा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि वहिनी सवयीनं त्याची नाडी बघायला धावली.

पुढच्या शनिवारची गोष्ट सांगते आणि संपवते. वहिनी पावणेसातलाच पोचली होती. हँडओव्हरला सगळ्या पहिल्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. पाळी संपवून जाणारी चटचट होती, डोळ्यांवर तशीच झोप, पायात घरी जायची तशीच घाई. तिनं तोंड उघडलं, "सलाईन काल..." आणि थांबली. वहिनीनं काही विचारलं नव्हतं. ती विचारणारही नव्हती, निदान पहिल्या वाक्याला तरी नाही. चटचटनं वही बंद केली, पेशंटकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मनगटावरची पट्टी वाचली. नाव, वय. कशासाठी आले, कधी आले. ऐकू येतं का, दिसतं का, कुठल्या हातानं लिहितात. सहाही खाटा तिनं अशाच सांगितल्या. बाकीच्या सगळ्या उभ्या राहून ऐकत होत्या, आणि घड्याळाकडे कुणी बघितलं नाही, हेडमास्तरणीनंसुद्धा नाही.

"त्या माझ्यासाठी सांगत होत्या, ताई," वहिनी म्हणाली. "मी काल नव्हते म्हणून." आणि माझ्या कापायच्या टेबलाला टेकून ती रडायला लागली, आनंदानं. मी एका पँटची उंची कमी करत होते आणि माझ्या तोंडात पाच टाचण्या होत्या. म्हणून मला काही बोलता आलं नाही, आणि रडताही आलं नाही. मी मान हलवली आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.